नऊ स्वार्थी माणसं एकमेकांना सोडून का जात नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' ही अमेरिकन विनोदी मालिका सगळी पाहून झाली. त्या घरातला एकही माणूस सरळ नाही, सगळे एकमेकांना फसवतात, तरी ते आवडतात. मला मराठीत तसंच एक विस्कटलेलं कुटुंब लिहायचंय. दोन भाग लिहिलेत, पण ज्यांना वाचायला दिले त्यांना ती नुसती भांडणं वाटली. कुठे अडतंय? आणि इतकी चांगली मालिका तिकडे बंद का पडली?

तुमचे भाग मी वाचलेले नाहीत. पण मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिण्यात बरीच वर्षं गेल्यामुळे 'नुसती भांडणं वाटली' ही तक्रार चांगली ओळखीची आहे. बहुतेक वेळा होतं असं की, लेखक सगळी मेहनत प्रत्येकाच्या विक्षिप्तपणावर करतो. आई खाष्ट, थोरला बढाईखोर, जावई येडपट, धाकटा आईच्या पदराआड. कागदावर मजा येते. पण ही माणसं एकमेकांना इतकी नकोशी आहेत तर एकत्र का, याचं उत्तर लिहायचं राहून जातं. प्रेक्षकाच्या मनात एकदा का 'मग हा घर सोडून जात का नाही?' आलं आणि त्याचं उत्तर सापडलं नाही, की पुढचा प्रत्येक टोमणा त्याला टोमणा म्हणूनच लागतो. हसू येत नाही, उलट शेजारच्या घरातला आरडाओरडा ऐकल्यासारखं अवघडायला होतं.

'अरेस्टेड डेव्हलपमेंट'चं खरं बळ या उत्तरात आहे, आणि ते लपवलेलंही नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला निवेदक सांगतो, की ही गोष्ट सगळं गमावलेल्या एका श्रीमंत कुटुंबाची आणि त्यांना एकत्र ठेवण्यावाचून गत्यंतर नसलेल्या एका मुलाची आहे. मिचेल हर्विट्झने २००३ साली मालिका उभी केली ती या गत्यंतर नसण्यावर. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी, न्यूपोर्ट बीच, तिथला ब्लूथ नावाचा बिल्डर. पहिल्याच भागात बोटीवर पार्टी चालू असताना म्हाताऱ्याला अटक होते, कंपनीचा पैसा गोठवला जातो आणि आयुष्यभर कंपनीच्या खर्चावर जगलेली मुलं रस्त्यावर येतात. रस्त्यावर म्हणजे कुठे? तर बिल्डर गिऱ्हाइकांना दाखवायला उभारतो त्या सॅम्पल बंगल्यात. मोकळ्या माळावर एकच घर, तेही निकृष्ट बांधकामाचं, आणि मुलगी, जावई, नात, मुलगा, नातू सगळे त्यात. आई मात्र तिच्या उंची फ्लॅटमध्ये, धाकट्याला कडेवर घेतल्यासारखी जवळ ठेवून. बाप तुरुंगात, पण सूत्रं त्याच्याच हातात.

आता यातून कोण कसा सुटणार बघा. पैसा कंपनीत अडकलेला. कंपनीची गुपितं बापाकडे. बाप सांगेल तेव्हा सांगेल तेवढंच सांगणार. बाहेर जाऊन कमावण्याचं कसब बहुतेकांत नाही. नऊ माणसं, आणि प्रत्येकाची दोरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. एवढं झाल्यावर त्यांनी एकमेकांना कितीही ओरबाडलं तरी प्रेक्षक निर्धास्त असतो. ही माणसं पुढच्या आठवड्यात पुन्हा इथेच असणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो हसू शकतो.

मायकलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नक्कल करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. जेसन बेटमनने केलेला हा मधला मुलगा वरवर एकटाच शहाणा दिसतो. बायको वारलेली, पदरात एक मुलगा, आणि सगळ्यांचं निस्तरायची जबाबदारी. आपल्याकडे हेच पात्र दिलं तर आपण त्याची सोशिक सून करून टाकू: सगळं सोसणारी, आणि सोसते म्हणून चांगली. हर्विट्झने तसं केलं नाही. मायकल आपण किती चांगले आहोत यावर लट्टू आहे. घर सोडून जातो, सोडून जातो म्हणत राहतो, पण जात नाही, कारण ही मंडळी नसतील तर त्याच्या चांगुलपणाला उठाव कशाने मिळणार? पहिल्या भागात तो मुलाला विचारतो, की आपण नेहमी काय म्हणतो, सगळ्यात महत्त्वाचं काय? मुलगा म्हणतो, नाश्ता. मायकल म्हणतो, कुटुंब. पोरगं ओशाळून म्हणतं, की मला वाटलं खाण्याच्या गोष्टींतलं विचारताय. विनोद साधाच आहे, पण त्यात अख्खा मायकल आहे. तो मुलाला विचारत नाही, पाठ केलेलं म्हणवून घेतो. त्याच्या बापानेही त्याच्याशी तेच केलं. जो स्वतःला या सगळ्यातून वगळतो तोही त्याच मातीचा आहे, हे पहिल्या काही मिनिटांत कळतं, आणि म्हणून पुढे त्याची फजिती होते तेव्हा वाईट वाटत नाही.

बाकीच्यांचे नमुने तुम्ही पाहिलेच आहेत, यादी करत नाही. एकच गोष्ट बघा. वरून ते कितीही वेगळे असले तरी प्रत्येकाला एकच गोष्ट हवी आहे: आईबापाने एकदा तरी 'शाबास' म्हणावं. थोरला जोब (इंग्रजी स्पेलिंग पाहून लोक त्याला गॉब म्हणतात) जादूचे प्रयोग करतो ते कलेच्या प्रेमाने करत नाही. त्याला बघणारा कुणीतरी हवाय. मुलगी लिंडसे सामाजिक कार्याच्या नावाखाली पार्ट्या करते, कारण आई तिच्या दिसण्यावरून तिला रोज टोचते. धाकट्या बस्टरला तर आईपासून सुटायचंही आहे आणि तिच्या कुशीत शिरायचंही आहे. टोबायस हा जावई, म्हणजे या रक्ताचा नाही. डॉक्टरकीचा परवाना गेल्यावर त्याला अचानक नट व्हायचंय. पण त्यालाही शेवटी हवी आहे ती मान्यताच. विल आर्नेट (जोब), टोनी हेल (बस्टर), डेव्हिड क्रॉस (टोबायस) ही नटमंडळी ज्या गांभीर्याने ही भूक दाखवतात, त्यामुळे पात्रं कार्टून होत नाहीत. तुमच्या जावयाचा येडपटपणा कशाच्या हव्यासापोटी आहे ते तुम्हाला एका ओळीत सांगता येत नसेल, तर तो येडपटपणा तिसऱ्या भागात संपेल.

आणि आईबापांचं काय? ल्यूसिलच्या, म्हणजे आईच्या, भूमिकेतल्या जेसिका वॉल्टरसारखं काम मी विनोदी मालिकेत फारसं पाहिलेलं नाही. २०२१ मध्ये त्या गेल्या. एका प्रसंगात ही बाई मायकलला विचारते, की एका केळ्याची किंमत असून असून किती असेल, दहा डॉलर? श्रीमंतीवर भाषण न देता एका वाक्यात तिचं अख्खं आयुष्य कळतं. बापाची तऱ्हा आणखी वाईट. मुलं लहान असताना त्यांना धडे शिकवायला त्याने एक हात नसलेला माणूस ठेवला होता. खोटा हात बसवायचा, मुलांच्या देखत अपघात घडवायचा, हात तुटून पडायचा, पोरं किंचाळायची, आणि मग तो माणूस शांतपणे सांगायचा: म्हणून घरातून जाताना नेहमी चिठ्ठी लिहून ठेवावी. लहानपणच्या जखमेवर लिहिण्याची ही रीत मला फार शिकण्यासारखी वाटते. रडकं पूर्वायुष्य नाही, पार्श्वसंगीत नाही. चाळिशीला आलेली माणसं अजून अशी का, हे आपोआप समजतं, आणि समजतं तेव्हा आपण हसत असतो.

विणकाम कसं असतं ते पाहायचं तर दुसरा भाग पुन्हा बघा, हातात वही घेऊन. ब्लूथांची समुद्रकिनाऱ्यावर एक टपरी आहे, चॉकलेटात बुडवलेली गोठवलेली केळी विकणारी. बाप तुरुंगातून मायकलला पुन्हा पुन्हा सांगतो, की केळ्यांच्या टपरीत पैसा असतोच. मायकलला वाटतं, म्हातारा धंद्याबद्दलची ठरलेली वाक्यं फेकतोय. तिकडे नातू टपरीवर राबतोय, जसा एके काळी मायकल राबायचा. शेवटी बापाच्या जाचातून आपण सुटलो आणि मुलालाही सोडवलं, या आनंदात बापलेक मिळून टपरी पेटवून देतात. मग मायकल ताठ मानेने तुरुंगात जातो आणि तिथे त्याला कळतं, की टपरीच्या भिंतींमध्ये अडीच लाख डॉलर रोख भरलेले होते. बाप ओरडतो, की टपरीत पैसा असतो हे याहून स्पष्ट कसं सांगायचं!

हा धक्का नुसता गंमतीचा नाही. मायकल बंड करतो त्या क्षणीच तो बापाचं सगळ्यात मोठं नुकसान करतो आणि स्वतःचंही. त्याला बापाचं ऐकायचंच नव्हतं, आणि बापाला सरळ बोलायची सवय नव्हती. दोघांचे स्वभाव बदलले तर ही गोष्ट घडूच शकत नाही. भांडण आणि विनोद यांतला फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. भांडणात दोघं आपापलं म्हणणं मांडतात. इथे दोघं आपापल्या खोडीपायी एकच वस्तू जाळतात, आणि ती वस्तू दोघांनाही हवी असते.

आता निवेदकाबद्दल. मालिकेला निवेदक आहे म्हणून आपल्यालाही हवा, असं तुमच्या मनात असेल तर थांबा. तिथे तो एका अडचणीतून आला आहे. फॉक्स या वाहिनीवरचा एक भाग जेमतेम बावीस मिनिटांचा, पात्रं नऊ, आणि प्रत्येक भागात तीन-चार धागे. संवादांतून सगळी माहिती द्यायची तर विनोदाला जागा उरणार नाही. म्हणून निवेदक माहिती सांगतो आणि पात्रं फक्त खोटं बोलतात. ल्यूसिल म्हणते, मला सगळी मुलं सारखीच. लगेच त्याच दिवशी सकाळचं दृश्य येतं, त्यात ती म्हणते, जोब मला नाही आवडत. कॅमेरा हातात धरलेला, माहितीपटासारखा. मागे रेकॉर्ड केलेलं हसू नाही. हसायचं कुठे ते प्रेक्षकाने स्वतः ठरवायचं. पायलटचं, म्हणजे पहिल्या भागाचं, दिग्दर्शन पुढे मार्व्हलचे मोठे सिनेमे केलेल्या रूसो बंधूंचं आहे, आणि त्या कामासाठी त्यांना एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली.

निवेदनाचा आवाज रॉन हॉवर्डचा. हा माणूस १९६० पासून, लहान असल्यापासून, अमेरिकन घरांत 'द अँडी ग्रिफिथ शो'मधला गोड पोरगा म्हणून माहीत. सज्जन कुटुंबाच्या मालिकेत वाढलेला आवाज या दुर्जनांची कहाणी न चिडता सांगतो, यात अर्धी गंमत आहे. मराठीत असा आवाज कुणाचा, ते तुम्हाला सुचलं तरच निवेदक ठेवा. नाहीतर तो पटकथेतली भोकं बुजवायच्या कामाला लागेल.

पेरणीबद्दल थोडंसं. दुसऱ्या सीझनमध्ये सील हा समुद्री प्राणी बस्टरचा हात तोडतो. त्याच्या किती आधीपासून इशारे चालू आहेत! हाताच्या पंजासारखी एक खुर्ची आहे, तिच्याकडे पाहून बस्टर म्हणतो, की एका हाताची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. एका दृश्यात तो बाकावर बसलाय, मागे सैन्याची जाहिरात, आणि तो अशा जागी बसलाय की इंग्रजीतली फक्त 'आर्म ऑफ' (हात तुटला) एवढीच अक्षरं दिसतात. पहिल्यांदा पाहताना यातलं काहीच लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा पाहताना माणूस वेडा होतो. पण हे जमायला सीझन सुरू होण्याआधी लेखकांनी एका खोलीत बसून पुढचं ठरवलेलं असावं लागतं. आपल्याकडे दैनंदिन मालिकेत कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि ट्रॅक टीआरपीवर फिरतो. अशा कारखान्यात बाकावरची अक्षरं कोण सांभाळणार? तुम्ही हे वेबसाठी, आठ-दहा भागांत लिहीत असाल तरच या वाटेला जा.

मालिका बंद का पडली याचं उत्तरही इथेच आहे. २००४ मध्ये तिला पाच एमी मिळाल्या, त्यात सर्वोत्तम विनोदी मालिकेची एक. तरी प्रेक्षक आले नाहीत. मध्येच कुणी चॅनल लावला तर त्याला काही कळायचं नाही, कारण विनोद चार भागांपूर्वीच्या गोष्टीवर उभा. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मालिकेला ही रीत परवडत नाही. फॉक्सने पहिल्या सीझनला २२ भाग दिले, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १३. शेवटचे चार भाग १० फेब्रुवारी २००६ ला एकगठ्ठा दाखवून टाकले, तेही तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन दुसऱ्या वाहिनीवर चालू असताना. लेखकांना हे होणार याची कल्पना होती, आणि त्यांनी त्याचाही विनोद केला. तिसऱ्या सीझनच्या एका भागात ब्लूथ कंपनी वाचवायला पैसे गोळा करायचे आहेत, आणि पात्रं म्हणतात, एचबीओ काही आपल्याला आधार देईल असं वाटत नाही. कथेत एचबीओ म्हणजे घरबांधणी करणाऱ्यांची संघटना, कथेबाहेर ते एका टीव्ही वाहिनीचं नाव.

पुढे डीव्हीडीवर लोक सलग बघू लागले आणि मालिकेला तिचा प्रेक्षक मिळाला. म्हणून २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने चौथा सीझन काढला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला खरं तर या सीझनमध्ये सापडतं. तोवर सगळे नट मोठे झाले होते, एकाच वेळी सगळ्यांच्या तारखा मिळेनात. म्हणून प्रत्येक भाग एकेका पात्राचा केला. काही ठिकाणी तर नट वेगवेगळ्या वेळी शूट करून हिरव्या पडद्याच्या मदतीने एका चौकटीत आणले. लेखक तेच, नट तेच, बांधणी तर आधीपेक्षा जास्त गुंतागुंतीची. एकाच घटनेची वेगवेगळी टोकं वेगवेगळ्या भागांत. वेळेचं बंधनही नव्हतं, भाग अर्ध्या तासाच्या वर गेले. आणि तरी तो बघताना दम लागतो. जोब एकटा, टोबायस एकटा, लिंडसे एकटी. विक्षिप्तपणा तोच, फक्त तो अंगावर घेणारा घरचा माणूस समोर नाही. परक्यांशी विक्षिप्त वागणारा माणूस थोड्या वेळाने नुसता त्रासदायक वाटतो. २०१८ मध्ये हर्विट्झने त्याच चित्रीकरणाचे १५ चे २२ भाग करून, काळाच्या क्रमाने पुन्हा लावून पाहिले. क्रम सुधारला, पण नऊ जण एका खोलीत काही आले नाहीत. संकलनाने ते होणारच नव्हतं. काही चाहते या सीझनची बाजू हिरिरीने घेतात. बांधणीचा अभ्यास म्हणून मीही तो बघतो. कुटुंबाची मालिका म्हणून मला तो फसलेला वाटतो.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर 'साराभाई व्हर्सेस साराभाई' आहेच. २००४, स्टार वन वाहिनी, मुंबईतल्या कफ परेड या उच्चभ्रू वस्तीतलं घर. आतिश कपाडियांचं लेखन, देवेन भोजानींचं दिग्दर्शन. मराठी रंगभूमीवरून आलेला सुमीत राघवन त्यात साहिल, म्हणजे पुन्हा मधे अडकलेला मुलगा. सतीश शाह, रत्ना पाठक शाह, रूपाली गांगुली, राजेश कुमार यांची कामं सांगायला नकोत. तीही पहिल्यांदा लागली तेव्हा फार चालली नाही आणि नंतर घराघरांत पाठ झाली. पण त्या घराची गाठ वेगळी आहे. तिथे पैसा अडकलेला नाही, तिथे सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि दार समोरासमोर आहे. सुनेचं मनीषा हे नाव सासू माया मध्यमवर्गीय म्हणून बदलून मोनिशा करते, तेव्हा ती तिला हाकलत नसते. ती तिला आपल्या घराच्या मापात बसवत असते. ब्लूथांकडे असा जिव्हाळा शोधायला जाऊ नका, आणि साराभाईंकडे तशी लबाडी. तुम्हाला दोन्हीपैकी कोणतं घर लिहायचंय ते आधी ठरवा. दोन्ही एकत्र केलं की सूर हरवतो.

तुमच्या कथेसाठी मराठी गाठ शोधायला लांब जायची गरज नाही. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील गेलेले, आणि करारावर चौघा भावंडांच्या सह्या हव्यात. किंवा बहिणीचं हक्कसोडपत्र. ते मिळेपर्यंत दोन्ही वहिन्या तिला दर रविवारी जेवायला बोलावणार, आणि तिला कारण पक्कं ठाऊक असल्यामुळे ती सही न करता वर्षभर जेवणार. अशा कागदाने बांधलेली माणसं वकिलाच्या पायऱ्यांवरही एकत्र आणता येतात आणि श्राद्धाच्या पानावरही.

आता करायचं एवढंच. लिहिलेल्या दोन भागांतली प्रत्येक भांडणाची जागा काढा आणि समासात लिहा, की ही व्यक्ती या क्षणी उठून निघून गेली तर तिचं काय बुडेल. जिथे लिहायला काही सुचणार नाही ती दृश्यं सध्या बाजूला ठेवा, संवाद कितीही खुसखुशीत असले तरी. उरलेल्यांत बघा, की दोघांना हवी असलेली वस्तू एकच आहे का आणि ती त्यांच्याच हातून नासते का. यातून दोन भागांचा कदाचित एकच भाग उरेल. तो पाठवा, वाचतो.